एकसष्टचा संघ मोठा की सत्तरचा

मी, ऑर्विल गुस्ताव्ह हॅकबार्थ, वय वर्षे त्र्याऐंशी, पूर्वीचा धंदा शेतीयंत्रांची दुरुस्ती व वेल्डिंग, राहणार कॅल्डर, नेब्रास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्या वकील श्रीमती नदीन प्रुइट यांचे म्हणणे होते की मृत्युपत्र दोन पानांत आटोपावे. मी त्यांना सांगितले की एकदा मी अर्ध्या पानाचे पत्र लिहिले होते, आणि ते निस्तरायला मला जास्त जागा लागणार आहे.

कलम १. यापूर्वी, सन २००९ मध्ये, केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझा सख्खा धाकटा भाऊ मर्ल याचे नाव मुद्दाम गाळले होते. माझ्या इस्टेटीची व्यवस्था श्रीमती प्रुइट यांनी पाहावी. त्या फुटबॉल बघत नाहीत, म्हणूनच त्यांची नेमणूक केली आहे.

कलम २. थर्ड स्ट्रीटवरील माझे राहते घर, आतील सामानासह, मर्लची मुलगी कॅरिन हिला द्यावे. मला मूलबाळ नाही. माझी पत्नी आर्डिथ २०१४ साली वारली. बैठकीच्या खोलीत माझ्या संघाचा मोठा फोटो आहे. मर्लच्या संघाचा फोटोही शेजारी लावावा म्हणून आर्डिथ तीस वर्षे माझ्या मागे लागली होती. ती म्हणायची, "अरे, एकच लावलास तर येणारा माणूस दुसरा शोधतो." मी ऐकले नाही. दुसरा फोटो तळघरात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे. कॅरिनने तो हवा तिथे लावावा.

कलम ३. वर्कशॉपमधील सर्व हत्यारे, दोन्ही वेल्डिंग मशीन आणि ऐरण गावच्या हायस्कूलच्या कार्यशाळेस द्यावीत. लेथचा पट्टा सैल आहे, तो बदलून द्यावा.

कलम ४. माझा पिकअप ट्रक हार्लन झाब्का याला द्यावा. हार्लन एकसष्टच्या संघात सेंटर होता, म्हणजे चेंडू त्याच्या हातून मागे सुटला की खेळ सुरू व्हायचा, आणि मी त्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून गार्ड. त्या संघातले आता आम्ही दोघेच उरलो आहोत. बासष्ट वर्षांत त्याने एकदाही माझी बाजू सोडलेली नाही. माझी बाजू चुकीची असतानाही सोडली नाही, हे पुढे येईलच.

कलम ५. माझी अजिंक्यपदाची अंगठी व संघाचे जाकीट. ती कोणाला द्यावीत हे लिहिण्याआधी ती काय आहेत हे सांगणे भाग आहे, कारण श्रीमती प्रुइट यांनी विचारले, "एवढ्याशा कॉलेजच्या अंगठीसाठी दोन भाऊ पन्नास वर्षं भांडले?"

कॅल्डर कॉलेजने अमेरिकन फुटबॉलमधले लहान कॉलेजांचे राष्ट्रीय अजिंक्यपद दोनदाच जिंकले. १९६१ साली, तेव्हा मी संघात होतो. आणि १९७० साली, तेव्हा मर्ल संघात होता. मर्ल माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी गार्ड होतो. गार्ड खाली वाकतो, समोरच्याला अंगावर घेतो, त्याच्या मागून दुसरा पळतो आणि बातमीत पळणाऱ्याचे नाव येते. मर्ल क्वार्टरबॅक होता; चेंडू त्याच्या हातात, डोळे त्याच्यावर, मुली त्याच्या बाजूच्या बाकांवर. आम्ही अंतिम सामना चिखलात सात-सहा असा जिंकला. त्यांनी एकेचाळीस-शून्य जिंकला. आम्ही मोसमात एक सामना हरलो. ते एकही हरले नाहीत.

गावात या दोन संघांवरून जो वाद होता तो डोरीनच्या कॅफेत दर गुरुवारी, गोल टेबलावर, राजमा-खिम्याचे कालवण आणि दालचिनीचा रोल समोर घेऊन चालायचा. मी म्हणायचो की आमच्या वेळी तेच अकरा जण चढाईला आणि तेच बचावाला, पूर्ण साठ मिनिटे. तुमच्याकडे चढाईची माणसे वेगळी, बचावाची वेगळी, अर्धा वेळ तुम्ही बाकावर बसून संत्री खायचात. मर्ल हसायचा आणि म्हणायचा, "संत्री खाऊन एकेचाळीस केले, ऑर्व्ह. तुम्ही उपाशी राहून सात." मी म्हणायचो, आमचे प्रतिस्पर्धी तगडे होते. तो म्हणायचा, "आमच्याकडे थॅडियस गेन्स पळत होता. तुमच्या वेळी त्याच्यासारख्या काळ्या मुलाला कॅल्डरच्या वसतिगृहात खोली तरी मिळाली असती का? निम्म्या देशाला खेळूच दिलं नाहीत, आणि मग जिंकलात." यावर मी आवाज चढवायचो आणि हार्लन टेबलावर मूठ आपटायचा.

लोकांना वाटे, मजेचा वाद आहे. मर्ललाही तसेच वाटे. माझ्या बाबतीत ते खरे नव्हते. गुरुवारी घरी परतताना माझा जबडा दुखत असे, इतके दात आवळलेले असत.

वडिलांविषयी इथेच लिहितो. आमचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. १९६१ चा अंतिम सामना डिसेंबरात, साखरेच्या बीटचा हंगाम भरात असताना होता. त्यांना सुट्टी मिळाली नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांनी मागितलीही नाही. सामना जिंकून मी घरी आलो तेव्हा त्यांनी विचारले, "दात शाबूत आहेत ना?" मी हो म्हणालो. ते जेवायला बसले. १९७० साली ते निवृत्त झालेले होते. ते बसने दोन दिवस प्रवास करून टेक्सासला गेले, सामना पाहिला, आणि परत आल्यावर महिनाभर भेटेल त्याला मर्लचा शेवटचा पास हात वर करून दाखवत. ते १९८३ साली गेले. त्यांचे पाकीट मी उघडले. त्यात लायसन्स, आईचा फोटो आणि त्या सामन्याचे तिकीट होते, घड्यांवर झिजून कापडासारखे मऊ झालेले. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो, स्वतःचा धंदा होता, बायको होती. तरी त्या तिकिटाकडे बघून माझ्या पोटात जे पेटले ते विझले नाही. आज हे लिहितानाही ते आहे. मर्लने ते तिकीट मागितले नाही. मी दिलेही नाही. ते वडिलांच्या शवपेटीत, त्यांच्या कोटाच्या खिशात गेले.

तर अंगठी व जाकीट कॉलेजला द्यावीत. मला वाटले होते मर्लला द्यावीत. पण त्याच्याकडे स्वतःची आहेत, आणि त्याचे जाकीट जास्त चांगल्या कापडाचे आहे.

कलम ६. बँकेतील सर्व शिल्लक कॅल्डर कॉलेजला द्यावी. तिच्यातून अभ्यासात मागे पडलेल्या खेळाडूंना गणित शिकवायला शिक्षक ठेवावा, आणि या सोयीला बॉइड ट्रूल्सन याचे नाव द्यावे. बॉइडची पत्नी आयलीन हिची परवानगी घ्यावी. परवानगी का लागेल ते पुढच्या कलमात आहे. तिने नाही म्हटले तर तिचा शब्द अखेरचा.

कलम ७. हे कलम मालमत्तेविषयी नाही. श्रीमती प्रुइट म्हणाल्या, मग ते मृत्युपत्रात कशाला? मी म्हणालो, माझ्याकडे घर आणि ट्रकपेक्षा जड अशी हीच एक वस्तू आहे.

जानेवारी १९७१ मधल्या एका रविवारी, दुपारी, मर्ल माझ्या वर्कशॉपमध्ये आला. अंतिम सामना होऊन महिना झाला होता. बाहेर बर्फ होते आणि त्याच्या अंगात कोट नव्हता. मी नांगराचा फाळ जोडत होतो. मी मास्क वर केला तेव्हा तो रडत होता.

तो म्हणाला, "ऑर्व्ह, बॉइडचा गणिताचा पेपर मी लिहिला. ऑगस्टातला, फेरपरीक्षेचा."

बॉइड ट्रूल्सन त्यांच्या संघात टॅकल होता. मर्लच्या पुढे उभा राहून त्याला जपणारा, माझ्याच जातीचा माणूस. शरीराने बैल आणि आकड्यांना घाबरणारा. शिक्षक नवा होता, हॉलमध्ये सत्तर मुले, चेहरे कोणाला ठाऊक नव्हते. मर्ल बॉइडचे नाव लिहून पेपर देऊन आला.

मी म्हणालो, "एका सामन्यासाठी एवढं केलंस?"

तो म्हणाला, "सामन्यासाठी कोण करतंय? नापास झाला असता तर कॉलेजातून नाव गेलं असतं, आणि नाव गेलं की सक्तीची भरती, सरळ व्हिएतनाम. त्याचा थोरला भाऊ पेटीतून परत आलाय. त्याची आई एकटी आहे." मग त्याने विचारले, "तू कोणाला सांगणार नाहीस ना?"

मी म्हणालो, "मी तुझा भाऊ आहे." हे माझे शब्द होते. ते मी जसेच्या तसे इथे नोंदवतो.

एकेचाळीस वर्षे मी ते पाळले. बॉइड पदवीधर झाला, त्याने आयलीनशी लग्न केले, शेती केली, चार मुली वाढवल्या आणि २००५ साली शेतातच कोसळून गेला.

२०१२ साली कॉलेजने मैदानाला नवे प्रवेशद्वार बांधायचे ठरवले. त्यावर कॅल्डरच्या सर्वश्रेष्ठ संघाचे नाव दगडात कोरायचे होते, एकाच संघाचे. सात जणांची समिती नेमली. मी समितीत नव्हतो, मर्लही नव्हता. पण कोण कुठे झुकले आहे हे डोरीनच्या टेबलावर सर्वांना ठाऊक होते. पाच जण सत्तरकडे होते. दाराचे लोखंडी काम मी करणार होतो, फुकट. म्हणजे माझ्या भावाचे नाव ज्या दगडावर येणार त्याच्याखालचे दार मी माझ्या हाताने जोडणार होतो.

मी आर्डिथच्या जुन्या टाइपरायटरवर एक पत्र टाइप केले. त्यात लिहिले की १९७० च्या संघातील टॅकल बॉइड ट्रूल्सन हा त्या मोसमात खेळण्यास पात्र नव्हता. त्याचा पेपर दुसऱ्याने लिहिला होता. समितीने मर्ल हॅकबार्थ यांना विचारावे. सही केली नाही. युद्धाविषयी, बॉइडच्या भावाविषयी, त्याच्या आईविषयी एक अक्षरही लिहिले नाही. ते लिहिले असते तर समितीने पत्र कचऱ्यात टाकले असते, हे मला ठाऊक होते. म्हणूनच ते गाळले.

समितीने मर्लला बोलावले. बैठक गावासाठी खुली होती आणि मी मागच्या रांगेत हार्लनच्या शेजारी बसलो होतो. मर्ल उठला, म्हणाला की पत्रात लिहिले आहे ते खरे आहे. पेपर मी लिहिला. दोष माझा, बॉइडचा नाही, बाकी मुलांना तर काहीच माहीत नव्हते. संघाचे नाव विचारातून काढावे. कोणीतरी कारण विचारले. तो म्हणाला, "कारण होतं. पण बॉइड ते सांगायला इथे नाही, म्हणून मीही सांगत नाही." आणि खाली बसला.

मला वाटले होते, गाव त्याच्यावर थुंकेल. गाव उठून उभे राहिले. लोकांनी रांगेने त्याचा हात हातात घेतला. डोरीन म्हणाली, असा सरळ माणूस गावात दुसरा नाही. तो गुन्हा कबूल करूनही माझ्यापेक्षा मोठा झाला. मी मागच्या रांगेत बसून जळत होतो, आणि पत्र लिहिताना झालो नव्हतो एवढा त्या क्षणी त्याचा शत्रू झालो.

बिल मात्र बॉइडच्या नावावर फाडले गेले. ठोंब्या, लबाड, असे लोक बोलू लागले. त्याच्या मुलींना दुकानात ऐकवले गेले. आयलीनने मैदानावर येणे बंद केले आणि दोन वर्षे ती मर्लशी बोलली नाही.

दगडावर १९६१ कोरले गेले. उद्घाटनाला मर्ल आला. त्याने माझ्याशी हस्तांदोलन केले आणि हळू आवाजात म्हणाला, "ऑर्व्ह, आता तरी बरं वाटतंय ना?" मला वाटले, तो साधे विचारतो आहे. गाडीत बसल्यावर त्यातले 'आता तरी' माझ्या ध्यानात आले.

त्यानंतर अकरा वर्षे आम्ही एकाच टेबलावर बसत आलो आहोत. कोणी वाद काढला की मर्ल चमच्याने कालवण ढवळत म्हणतो, "एकसष्टचाच मोठा. दगडावर लिहिलंय." एवढेच. मी डिवचून पाहिले, संत्र्यांचे नाव काढले. तो मान हलवतो. मग हवामानावर बोलणे होते. मी जिंकलो आणि मला बोलायला भाऊ उरला नाही, कारण त्या एका वादाखेरीज आम्ही एकमेकांशी दुसरे काही कधी बोललोच नव्हतो.

ते पत्र मी लिहिले होते. हार्लनला संशय होता. त्याने विचारले नाही.

कलम ८. माझ्या दफनानंतरच्या पहिल्या गुरुवारी श्रीमती प्रुइट यांनी कलम सात डोरीनच्या कॅफेत, मर्लच्या उपस्थितीत, मोठ्याने वाचावे. त्यानंतर पुढील वाक्य वाचावे: सत्तरचा संघ मोठा होता, ऑर्विल हॅकबार्थला हे १९७० सालच्या डिसेंबरपासून माहीत होते. हे मी जिवंत असताना कोणालाही दाखवू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, पुढील दोन साक्षीदारांच्या समोर त्यावर सही केली आहे. त्या दोघांना या मृत्युपत्राखाली काहीही मिळत नाही.

सही: ऑर्विल जी. हॅकबार्थ
साक्षीदार: वॉल्डो स्काऊ, पोस्टमास्तर (निवृत्त)
साक्षीदार: थेरेसा ओल्मस्टेड, ग्रंथपाल
कॅल्डर, नेब्रास्का. ११ सप्टेंबर २०२३

पुरवणी

मी, वरील ऑर्विल हॅकबार्थ, माझ्या मृत्युपत्रास ही पुरवणी जोडत आहे. कारणे अशी.

सही झाल्यावर श्रीमती प्रुइट यांनी कागद गोळा केले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "हॅकबार्थ, तुम्ही शिव्या खायला हजर राहणार नाही अशी मस्त सोय केली आहे." मी त्यांना म्हणालो की हे वकिलाचे काम नाही. त्या म्हणाल्या, "नाही, म्हणून याचं बिल लावत नाही."

पाच दिवस मी त्यांच्यावर चिडून होतो. शनिवारी सकाळी मर्लच्या घरी गेलो. तो शिडीवर चढून थंडीच्या जोडखिडक्या बसवत होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडीवर, आणि मी काठी घेऊन खाली. हेही मला बघवले नाही, हे नमूद करतो.

मी म्हणालो, "मर्ल, ते पत्र मी लिहिलं होतं."

त्याने स्क्रू पिळणे थांबवले नाही. "मी एकालाच सांगितलं होतं, ऑर्व्ह."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीस?"

"तू येशील म्हणून. पहिली दोन वर्षं वाट बघितली. मग सोडून दिली." तो खाली उतरला आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "आयलीनला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आलास?" त्याने शिडी उचलली आणि पुढच्या खिडकीला लावली.

मी आयलीनकडे गेलो. ती सफरचंदे चिरत होती. मी सगळे सांगितले, युद्धाचेही. ती म्हणाली की पेपरचे आणि युद्धाचे बॉइडने तिला लग्नाआधीच सांगितले होते. मर्लने ते चारचौघांत उघड केले याचा तिला राग होता, पत्राने त्याला पेचात धरले होते हे तिला नंतर उमगले. तिने चिरणे संपवले, सुरी धुतली, पुसली. मग म्हणाली, "माझ्या मुलींनी बाजारात ऐकलं ते तुझ्या मेल्यावर धुऊन निघायचं होतं होय? येत्या गुरुवारी सांग. उभा राहून सांग. मी येते."

गणिताच्या शिक्षकाला बॉइडचे नाव देण्यास तिने साफ नकार दिला. त्याचे नाव नापासांच्या खोलीवर नको, म्हणाली. त्याच्या आईचे द्या. सबब कलम ६ मध्ये बॉइड ट्रूल्सनऐवजी मारित ट्रूल्सन असे वाचावे.

२१ सप्टेंबर रोजी मी डोरीनच्या कॅफेत उभा राहिलो आणि सांगितले. नऊ माणसे होती. काही गाळले नाही. माझे बोलणे संपल्यावर हार्लन झाब्का उठला, टोपी घातली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तो पुन्हा टेबलावर आलेला नाही, माझा फोनही घेत नाही. ट्रक त्याचाच आहे. घेतला नाही तर त्याच्या दारात नेऊन उभा करावा.

पुढच्या गुरुवारी मी जाणार नव्हतो. गेलो. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मर्ल उशिरा आला, समोर बसला, रोल तोडला, आणि कालवणात बुडवत, वर न बघता म्हणाला, "एक सामना हरलेला संघ सर्वश्रेष्ठ कसा ठरतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही."

मी म्हणालो की तो सामना गारांच्या पावसात होता.

तो म्हणाला, गारा काय एकाच संघावर पडत होत्या?

आम्ही दुपारी तीनपर्यंत बसलो. डोरीनने दोनदा टेबल पुसले. त्याने मला माफ केले असे तो म्हणाला नाही, मीही विचारले नाही. माझा जबडा दुखतो आहे.

सबब कलम ८ मी पूर्णपणे मागे घेत आहे. विशेषतः त्यातील शेवटचे वाक्य रद्द समजावे आणि कोणीही, विशेषतः माझ्या भावाने, त्याचा आधार घेऊ नये. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

सही: ऑर्विल जी. हॅकबार्थ
साक्षीदार: वॉल्डो स्काऊ
साक्षीदार: थेरेसा ओल्मस्टेड
कॅल्डर, नेब्रास्का. २९ सप्टेंबर २०२३